दार बंद केलं, पण उपयोग झाला का?

मुलांनो, नियम करणं सोपं असतं. तो सगळ्यांकडून पाळून घेणं जरा अवघड. आणि त्या नियमाचा खरंच उपयोग झाला का, हे शोधून काढणं सगळ्यांत अवघड!

समजा, एका शाळेत रोज बारा मुलं उशिरा येतात. मुख्याध्यापकांनी नियम केला, प्रार्थनेची घंटा झाली की फाटक बंद. पुढच्या आठवड्यात उशिरा येणाऱ्यांच्या वहीत रोज दोनच नावं! मग काय, नियम यशस्वी झाला म्हणायचा?

थांबा, घाई नको. आधी तीन प्रश्न विचारू.

पहिला, किती मुलं खरोखर वेळेवर येऊ लागली? दुसरा, मागच्या भिंतीवरून उडी मारून कितीजण वर्गात आले? तिसरा, फाटक बंद दिसल्यावर कितीजण तसेच घरी परतले आणि त्यांचा दिवसभराचा अभ्यास बुडाला?

पहिल्याच प्रश्नाचं उत्तर वहीत सापडेल. बाकीच्या दोन उत्तरांसाठी भिंतीपाशी जावं लागेल, हजेरीपट उघडावा लागेल. हे तीन प्रश्न नीट लक्षात ठेवा बरं का, कारण आता आपण एका फार मोठ्या फाटकाकडे जाणार आहोत.

नखाएवढी वस्तू, देशाएवढं भांडण

मोबाइल, टीव्ही, रेल्वेचं सिग्नल, दवाखान्यातलं यंत्र, या सगळ्यांच्या पोटात चिप असते. ती सिलिकॉनची बनते. सिलिकॉनमधून वीज तांब्यातल्यासारखी सरळ वाहत नाही आणि लाकडातल्यासारखी अडूनही बसत नाही. म्हणून त्याला ‘अर्धवाहक’ म्हणतात, इंग्रजीत सेमीकंडक्टर. त्यावर ट्रान्झिस्टर नावाची अगदी बारीक बटणं कोरलेली असतात. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीच्या ‘ए-१००’ नावाच्या एकाच चिपवर ५,४०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत!

ज्या चिपवर हवामानाचा अंदाज काढता येतो, तिच्यावरच क्षेपणास्त्राचं गणितही करता येतं. सुरीने भाजी चिरता येते आणि कुणाला इजाही करता येते, तसंच हे. म्हणून काही देश ठरवतात की ताकदवान चिप, संगणक आणि चिप बनवायची यंत्रं परवान्याशिवाय दुसऱ्या देशात पाठवायची नाहीत. याला म्हणतात निर्यात निर्बंध.

हे काही आजचं नाही. अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी १९४९ पासून ‘कोकोम’ नावाची समिती चालवली. सोव्हिएत रशिया आणि त्याच्या गटाला कोणता माल द्यायचा नाही, याची यादी ती करायची. १९९४ मध्ये ती बंद झाली आणि १९९६ मध्ये ‘वासेनार करार’ आला. भारत त्यात २०१७ मध्ये सामील झाला. आपल्या देशाचीही अशी एक यादी आहे, तिला ‘स्कोमेट’ म्हणतात. म्हणजे फाटक फक्त दुसऱ्यांचंच नाही, आपलंही आहे.

फाटकाबाहेर आपण

१९८० च्या दशकात भारताला क्रे या अमेरिकन कंपनीचा सुपरकॉम्प्युटर, म्हणजे महासंगणक, हवा होता. हवामान खात्याच्या कामासाठी दिल्लीला एक क्रे मिळाला. पण बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवा असलेला जास्त ताकदीचा क्रे अमेरिकेने दिला नाही. त्यावर अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रांची गणितं केली जातील, अशी तिला भीती होती.

मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. काम काय, तर महासंगणक बनवायचा. मुदत किती, तर तीन वर्षं!

एकच प्रचंड ताकदीचा प्रोसेसर बनवणं त्या वेळी आपल्या आवाक्यात नव्हतं. मग त्यांनी काय केलं? एक मोठं गणित अनेक तुकड्यांत वाटलं आणि ते तुकडे अनेक लहान प्रोसेसरांना एकाच वेळी सोडवायला दिले. शंभर वह्या एका बाईंनी तपासण्याऐवजी दहा बाईंनी दहा-दहा तपासाव्यात, तसं. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. तो ६४ प्रोसेसर जोडून चालवता येत असे. आता गंमत बघा, ते प्रोसेसर इनमॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीचे होते आणि बाजारात उघडपणे विकत मिळत होते!

आता आपले तीन प्रश्न लावू. मोठा क्रे थांबला का? हो, थांबला. दुसरी वाट निघाली का? निघाली, आणि तीही भिंतीवरून उडी मारून नव्हे, सरळ रस्त्याने. मग तोटा कुणाचा झाला? बंगलोरच्या शास्त्रज्ञांची काही वर्षं गेली, हे खरं. पण अमेरिकेचं एक गिऱ्हाईकही गेलं आणि समोर एक नवा कारागीर उभा राहिला.

“म्हणजे नकार मिळाला ते बरंच झालं की!” असं कुणी म्हणेल. पण तेही घाईचंच ठरेल. बंगलोरच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ नावाचा असाच जोडसंगणक १९८६ मध्येच तयार झाला होता. म्हणजे आपले लोक त्या वाटेने आधीच निघालेले होते. नकाराने वेग वाढला असेल, पण सगळंच श्रेय नकाराला देता येत नाही. नियम नसता तर काय झालं असतं, हे कळणं हीच तर खरी अडचण आहे.

पट्टी छोटी झाली

आता आणखी एक गोष्ट. ‘ताकदवान’ म्हणजे नेमकं किती? त्यासाठी मोजपट्टी लागते. सेकंदाला किती आकडेमोडी होतात, ही अमेरिकेची पट्टी होती. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एक कायदा झाला. सेकंदाला २०० कोटींपेक्षा जास्त आकडेमोडी करणारा संगणक भारत, चीन, रशिया, पाकिस्तान अशा सुमारे ५० देशांत पाठवायचा असेल, तर आधी सरकारला कळवायचं. आणि ही मर्यादा वाढवायची असेल, तर राष्ट्राध्यक्षांनी संसदेला कळवून १८० दिवस थांबायचं.

कायदा सहा महिने थांबायला तयार होता, पण संगणक थांबतोय कुठे! १९९९ मध्ये ॲपल कंपनीने ‘पॉवर मॅक जी-४’ हा टेबलावर ठेवायचा संगणक आणला. तो या मर्यादेच्या पुढे निघून गेला. चित्रं काढायचा, गाणी ऐकायचा संगणक एकदम शस्त्रांच्या रांगेत! कंपनी हुशार. तिने त्या संगणकाभोवती रणगाडे उभे करून टीव्हीवर जाहिरातच केली. पुढे २००० मध्ये जपानने चक्क ‘प्लेस्टेशन-२’ या खेळाच्या यंत्रावर निर्यातीचे निर्बंध घातले. ते चित्रांची आकडेमोड इतकी झटपट करायचं, की क्षेपणास्त्राला वाट दाखवायलाही वापरता येईल, अशी शंका होती.

पट्टी छोटी पडली, दुसरं काय! दुसरीतल्या मुलाचा गणवेश सातवीतही घालायचा म्हटलं तर जे होईल, तेच झालं. म्हणून अमेरिकेच्या संसदेने २००० मध्ये १८० दिवसांचे ६० दिवस केले. मर्यादा वाढत वाढत २००२ च्या जानेवारीत सेकंदाला १९,००० कोटी आकडेमोडींवर गेली. तरी ‘परम’ची युक्ती होतीच, छोटे छोटे संगणक जोडा की मोठा तयार! शेवटी २००६ मध्ये मोजण्याची पद्धतच बदलावी लागली.

या सगळ्यात एक चांगली गोष्ट होती. अमेरिकेच्या संसदेचं एक स्वतंत्र तपासणी कार्यालय आहे. त्याने १९९८ मध्ये अहवाल दिला, की १९९६ साली मर्यादा वाढवताना सरकारने ज्या अभ्यासाचा आधार घेतला, त्यात पुरेसे पुरावेच नव्हते. म्हणजे नियम कडक करतानाच नाही, सैल करतानाही पुरावा हवा. आणि ज्याने नियम केला, त्यानेच स्वतःला गुण देऊ नयेत. आपला पेपर आपणच तपासला, तर शंभरपैकी शंभर पडणारच, नाही का?

आजचं फाटक

७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने चीनसाठी नवे कडक नियम काढले. या वेळी पट्टी दुहेरी होती. चिपची आकडेमोड मोजायची आणि ती दुसऱ्या चिपशी किती वेगाने बोलते, तेही मोजायचं. मर्यादा सेकंदाला ६०० गिगाबाइट. चिप एकमेकींना जोडून मोठी ताकद तयार होते, हे आता नियम करणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक झालं होतं.

एनव्हिडियाने काय केलं? बोलण्याचा वेग ४०० वर आणला, चिपला ‘ए-८००’ असं नवं नाव दिलं आणि चीनला विकली. नियम मोडला का? अजिबात नाही. मग नियमाचा हेतू साधला का? तोही नाही! एका वर्षाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सरकारने पट्टी पुन्हा बदलली.

आता तीन प्रश्न इथेही लावू.

थांबलं काय? नेदरलँड्समधल्या एएसएमएल कंपनीची सर्वांत प्रगत छपाई यंत्रं चीनला मिळाली नाहीत. डीपसीक या चिनी कंपनीच्या प्रमुखांनीही २०२४ मध्ये सांगितलं, की आपली अडचण पैशांची नाही, चांगल्या चिप मिळत नाहीत ही आहे. म्हणजे निर्बंध अगदीच फुकट गेले, असं म्हणता येणार नाही.

दुसरी वाट निघाली का? ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवे या चिनी कंपनीने नवा फोन आणला. त्यातली चिप चीनमध्येच, जुन्या पिढीच्या यंत्रांवर बनली होती. अनेकांना वाटत होतं, की एवढी बारीक चिप चीनला इतक्यात जमणार नाही. चोरट्या मार्गाने चिप पाठवल्याचे खटलेही अमेरिकेत उभे राहिले.

तोटा कुणाला? एप्रिल २०२५ मध्ये एका नव्या निर्बंधानंतर एनव्हिडियाने जाहीर केलं, की तिला ५५० कोटी डॉलरपर्यंत फटका बसेल.

भारतही मध्येच ओढला गेला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जगातल्या देशांचे गट पाडले. १८ मित्रदेशांना हव्या तेवढ्या चिप आणि बाकी बऱ्याच देशांना मोजून. त्या १८ मध्ये भारत नव्हता! पण हा नियम पूर्णपणे लागू होण्याआधीच, मे २०२५ मध्ये, मागे घेतला गेला.

नियमाचं प्रगतिपुस्तक

अमेरिकेचा २०१८ चा निर्यात नियंत्रण कायदा एक शहाणपणाची गोष्ट सांगतो. जी वस्तू इतर देशांत सहज मिळते, ती एकट्याने अडवून फारसा उपयोग होत नाही. निर्बंधांचा आपल्याच देशाच्या प्रगतीवर काय परिणाम होतो, हेही सतत तपासत राहावं, असं त्यात लिहिलं आहे. नवीन तंत्रज्ञानावर निर्बंध घालताना दुसरे देश ते कुठवर शिकले आहेत आणि निर्बंधाचा उपयोग किती होईल, याचा विचार करणं त्याने बंधनकारक केलं.

म्हणजे तपासणी हा कायद्याचाच भाग असू शकतो. तुम्हाला वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तक मिळतं ना? तसंच नियमालाही मिळायला हवं. त्यात चार गोष्टी हव्यात. तपासणीची तारीख आधी ठरलेली हवी. पट्टी जुनी झालेली नसावी. तपासणारा नियम करणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. आणि ‘काय थांबलं’ या रकान्याशेजारी ‘काय सुरू झालं’ हा रकानाही हवा. हा दुसरा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो. १९८७-८८ च्या सुमारास कुणी तो भरायला घेतला असता, तर त्यात एका शहराचं नाव लिहावं लागलं असतं, पुणे!

करून पाहा

तुमच्या वर्गातला किंवा घरातला एक नियम निवडा. वहीत तीन रकाने आखा: ‘काय थांबलं’, ‘दुसरी वाट कोणती निघाली’ आणि ‘तोटा कुणाचा’. महिनाभर रोज एक ओळ लिहा. खरं तेच लिहायचं, कुणाला खूश करायला नाही! महिना संपल्यावर वही मोठ्यांसमोर ठेवा आणि तो नियम ठेवायचा, बदलायचा की काढून टाकायचा, यावर सगळे मिळून बोला.

पालकांसाठी दोन शब्द

‘परीक्षा होईपर्यंत मोबाइल बंद’ हा नियम अनेक घरांत असतो. तो जरूर करा. पण ज्या दिवशी नियम कराल, त्याच दिवशी कॅलेंडरवर तपासणीची तारीखही लिहून ठेवा. त्या दिवशी मुलांनी वहीतला दुसरा रकाना वाचून दाखवला, तर रागावू नका. खरी माहिती त्यातच असते, आणि रागावलात तर पुढच्या महिन्यात तो रकाना कोराच मिळेल.