दुकानातलं वायफाय मागच्या शेडपर्यंत नेताना

आज मिरची-मसाल्याचं नाही, त्या मसाल्याच्या बिलाचं बोलायचं आहे. म्हणजे बिल ज्याच्यावर चालतं त्या वायफायचं.

आमच्या गटाचं चटणी-मसाल्याचं युनिट तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी बघितलंय. रस्त्याच्या कडेला दुकान, त्याच्या मागे दगडी भिंतीची जुनी खोली, तिथे पॅकिंग. मग मोकळं अंगण, वाळवणाचं. आणि अंगणाच्या पलीकडे पत्र्याची शेड, तिथे कांडप यंत्र आणि गोदाम. सुरुवातीला नेट फक्त गल्ल्यापाशी लागायचं आणि तेवढं पुरायचं. पुढे व्हॉट्सॲपवर ऑर्डरी यायला लागल्या. पॅकिंगला बसलेल्या वहिनींना ऑर्डर बघायची तर फोन घेऊन दुकानात यायचं, वाचायचं, परत जायचं. दिवाळीच्या आधी एका शहरातल्या दुकानदाराने सकाळी पन्नास किलोची ऑर्डर टाकली आणि दुपारी बदलून तीस किलो केली. बदललेला मेसेज शेडमध्ये पोचलाच नाही. वीस किलो मसाला जास्तीचा कांडला गेला. तो पडून राहिला, वास उतरला, शेवटी कमी भावात द्यावा लागला.

तेव्हा आम्ही पहिली चूक केली. नेट देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, तुमचा प्लॅन लहान आहे, मोठा घ्या.’ आम्ही ४० एमबीपीएसचा १०० केला. महिन्याला पैसे जास्त जायला लागले आणि शेडमध्ये नेट पूर्वीइतकंच, म्हणजे नाहीच.

का, ते समजून घ्या. विहिरीत पाणी किती आहे हा एक प्रश्न आणि ते पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं का हा दुसरा. प्लॅन म्हणजे विहीर. वायफाय म्हणजे पाट. पाट मध्येच फुटला असेल तर विहीर खोल करून उपयोग नाही. तुमचा त्रास कुठला आहे हे ओळखायची सोपी रीत आहे. फोन घेऊन राऊटरच्या अगदी जवळ उभ्या राहा आणि नेटचा वेग मोजा. त्यासाठी फुकट ॲप मिळतात. जवळ वेग चांगला आणि लांब वाईट, तर प्लॅनला हात लावू नका. जवळही वाईट असेल, तरच कंपनीशी बोला.

मग आम्ही खडूने जमिनीवर युनिटचा नकाशा काढला. एकजण फोन घेऊन फिरली, दुसरी खुणा करत गेली. कुठे तीन रेघा, कुठे एक, कुठे काहीच नाही. त्यात दिसलं की अंगणात नेट बऱ्यापैकी येतं आणि शेडच्या दारातून आत पाऊल टाकलं की गायब. कारण पत्रा. वायफायच्या लहरी विटांच्या भिंतीतून थोड्या थोड्या पार होतात, जाड दगडी किंवा मातीच्या भिंतीतून कमी, पण लोखंडी पत्र्यावरून त्या परत फिरतात. पाणी त्या शोषून घेतं. म्हणून राऊटर आणि फोन यांच्या मध्ये भरलेली पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, पत्र्याच्या डब्यांची रास आली की नेट दुबळं होतं. आमचा राऊटर चक्क लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता, दिसायला बरं नाही म्हणून! तो उचलून उंच फळीवर ठेवला तर पॅकिंगच्या खोलीत एक रेघ वाढली. खर्च शून्य. हे सगळ्यात आधी करून बघा.

पत्र्याच्या शेडचं काम मात्र एवढ्याने भागणार नव्हतं. तिथे नेट आतच नेऊन सोडायला हवं होतं. याचे तीन मार्ग आहेत.

एक म्हणजे रिपीटर. प्लगला लावायचा लहान डबा, राऊटरचं ऐकतो आणि तेच पुढे बोलतो. स्वस्त असतो, वायर लागत नाही. पण साधा रिपीटर एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. आणि त्याला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही तर तो पुढे काय सांगणार? शेडच्या आत लावला तर काही उपयोग नाही. दुसरा मार्ग मेश नावाच्या संचाचा. त्यातले दोन-तीन डबे आपसात बोलून एकच जाळं करतात. भाड्याच्या जागेत, जिथे भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तिथे तो बरा. महाग पडतो, आणि पत्रा त्यालाही आडवा येतोच.

तिसरा मार्ग आम्ही घेतला आणि वायर टाकणं शक्य असेल तर तुम्हीही तोच घ्या असं मी म्हणेन. मुख्य राऊटरपासून शेडपर्यंत नेटची केबल न्यायची आणि शेडमध्ये ॲक्सेस पॉइंट लावायचा. ॲक्सेस पॉइंट म्हणजे वायरीने आलेलं नेट हवेत सोडणारा डबा, एवढंच. वायरीत नेट गळत नाही. तांब्याची नेटची केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंत चालते. आमचं अंतर वळणं धरून ५५ मीटर भरलं.

केबल घेताना फसू नका. दुकानदाराला विचारा, आतली तार पूर्ण तांब्याची आहे का? टोकाची तार चाकूने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा आहे, सोडून द्या. अंगणातून नेताना केबल पाइपात घाला, नाहीतर ऊन आणि उंदीर तिचा निकाल लावतात. विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपात घालू नका. काही ॲक्सेस पॉइंटांना वीजसुद्धा त्याच केबलमधून देता येते, त्याला पीओई म्हणतात. शेडमध्ये उंचावर प्लग नसेल तर ते सोयीचं. शिवाय लाइट गेली की दुकानातल्या एकाच इन्व्हर्टरवर दोन्ही डबे चालू राहतात.

नवा ॲक्सेस पॉइंट न घेता आम्ही एकीच्या घरी पडून असलेला जुना राऊटर वापरला. चालतो. पण इथे आमची दुसरी चूक झाली. केबल खोचली, दिवा लागला, आम्ही खूश. बाजाराच्या दिवशी बिलाचा प्रिंटर मधूनच बंद, एकीचं नेट चालू तर दुसरीचं बंद. काय झालं होतं? जाळ्यातल्या प्रत्येक फोनला, प्रिंटरला राऊटर एक नंबर देतो. रेशनच्या रांगेत टोकन देतात तसा. आता दोन खिडक्यांवर दोन माणसं आपापली टोकनं वाटायला लागली तर दोघींच्या हातात सात नंबर येणारच. शिवाय दोन्ही राऊटरांचा स्वतःचा पत्ताही एकच होता.

म्हणून जुना राऊटर जोडण्याआधी त्याच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी करायच्या. डीएचसीपी नावाचं नंबर वाटप बंद करायचं. त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यायचा, आणि हा नंबर मुख्य राऊटर दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, ते बघायचं. आणि केबल त्याच्या वॅन लिहिलेल्या भोकात न घालता लॅन लिहिलेल्या भोकात घालायची. काही राऊटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असं बटण असतं. ते दाबलं की नंबर वाटप आपोआप बंद होतं. हे काम अर्ध्या तासाचं आहे. गटातल्या एखादीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, पण शेजारी बसून बघा.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, म्हणजे शेडमध्ये गेलं की फोन शेडचा डबा पकडतो. कधीकधी फोन हट्टी असतो, दुकानाचंच दुबळं नेट धरून बसतो. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की सुटतो.

चॅनेल मात्र वेगळे ठेवायचे. याचं कारण मला गटाच्या बैठकीवरून कळलं. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. त्यात लांबचा, दुबळ्या सिग्नलचा फोन एकेक शब्द सावकाश बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. दोन्ही डबे एकाच चॅनेलवर असले तर दोन गट एकाच खोलीत बैठक घेतायत असं होतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. दुकानाला १, शेडला ६ द्या. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. तो वेगवान, पण भिंती फारशा ओलांडत नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरला ५ ठीक. अंगणात आणि आडोशाला २.४.

शेडमधला डबा कांडप यंत्राच्या खोलीत लावू नका. मिरचीची धूळ त्याच्या जाळीत बसते, डबा तापतो. आम्ही तो गोदामाच्या बाजूला, वर लावलाय. डबे वाढवले म्हणून प्लॅनचा वेग वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. विहीर तीच.

आता पासवर्डचं. राऊटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बहुतेक वेळा डब्याच्या खालीच छापलेला असतो किंवा ‘ॲडमिन’ असतो. पहिल्याच दिवशी बदला. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा. गिऱ्हाईक पासवर्ड मागतंच, ‘ताई, जरा पैसे पाठवायचेत.’ त्याच्यासाठी मुख्य राऊटरवर पाहुण्यांचं वेगळं नाव उघडता येतं. बिलाचा कॉम्प्युटर आणि कॅमेरा आपल्या नावावर, गिऱ्हाईक पाहुण्यांच्या. जोडणी गटाच्या नावावर असते. तिच्यावरून कोणी काही वाकडं केलं तर विचारणा आधी गटाकडेच होणार. गावाला वायफाय विकायचंच असेल तर त्यासाठी २०२० च्या डिसेंबरात केंद्र सरकारने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात छोट्या दुकानाला वेगळा परवाना लागत नाही. तो विषय स्वतंत्र बोलू.

वळवाच्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या की आमच्या सचिव वहिनी आधी शेडकडे जाणाऱ्या केबलचं टोक आणि प्लग काढून ठेवतात, ढग डोक्यावर यायच्या आत. दोन इमारतींमधल्या तांब्याच्या केबलवर वीज जवळ पडली तरी दोन्ही टोकांचे डबे जळू शकतात. ज्यांची शेड १०० मीटरपेक्षा लांब आहे किंवा वेगळ्या मीटरवर आहे, त्यांनी तांब्याऐवजी फायबर टाकावी. ती काचेची असते, वीज वाहून नेत नाही. दोन्ही टोकांना एकेक लहान डबा लागतो, मीडिया कन्व्हर्टर म्हणतात.

आणि केबल जमिनीखालून कुठून गेलीय त्याचं चित्र इतिवृत्ताच्या वहीत काढून ठेवा. आमच्या अंगणात यंदा नाली खणली तेव्हा कुदळ नेमकी तिच्यावरच बसली, आणि तुटलंय कुठे हे शोधण्यात आमचे दोन दिवस गेले.