जुन्या गाडीचे टोपण

चोर्ला घाटाच्या माथ्यावर वाफ ओकत उभी राहिलेली गाडी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. एका उन्हाळ्यात आमच्या घरच्या जुन्या जीपने आमचीही तीच गत केली. कारण शोधू जाता ते इंजिनात नव्हे, तर चार दिवसांपूर्वी घाईने विकत घेतलेल्या रेडिएटरच्या टोपणात सापडले. ‘फिरले आणि बसले, म्हणजे झाले’ अशी आमची समजूत होती!

हे टोपण नुसते झाकण नव्हे. ती दाबाची झडप आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, परंतु सुमारे ८०० मीटर उंचीवर हवेचा दाब घटल्यामुळे ते ९७ अंशांच्या आसपासच उकळू लागते. टोपणातील स्प्रिंग पाण्यावर दर चौरस इंचास ७ पौंड अधिक दाब राखील, तर सपाटीवर उकळबिंदू सुमारे १११ अंशांवर जातो. १५ पौंडांना तो १२१ अंशांपर्यंत चढतो.

मग १५ पौंडांचेच टोपण का घेऊ नये? दुकानदाराने आम्हांस तोच सल्ला दिला होता. पण जास्त दाबाने इंजिन अधिक थंड राहते, हा निव्वळ भ्रम होय. पाणी उशिरा उकळते, एवढेच. जुने रेडिएटर तांब्यापितळेचे, त्यांचे सांधे डाख देऊन जोडलेले. ४ किंवा ७ पौंडांसाठी घडविलेल्या सांध्यांवर दुप्पट भार पडला, की ते उसवतात, नाही तर रबरी नळी फुटते. याहूनही जुन्या काही गाड्यांत तर दाब मुळीच राखला जात नसे. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानावा. नव्या टोपणावर तो ‘बार’ या एककात असल्यास ०.५ बार म्हणजे अंदाजे ७ पौंड, असे समजावे.

आमची चूक मात्र दाबाची नव्हती, खोलीची होती. रेडिएटरच्या तोंडात डोकावल्यास आत एक गोल कडा दिसते. टोपणाची रबरी चकती तिच्यावर घट्ट टेकली पाहिजे. वरच्या काठापासून ही कडा कोठे पाऊण इंच, तर कोठे एक इंच खोल असते. खोल तोंडावर आखूड टोपण वरून नीट बसते, पण चकती आत अधांतरी लोंबकळते आणि दाब धरतच नाही. उलट, उथळ तोंडावर लांब टोपण लावल्यास ते बसत नाही, किंवा स्प्रिंग फाजील दबून दाब भलताच वाढतो. जुने टोपण झिजलेले असले तरी मापासाठी दुकानात न्यावे. आम्ही ते फेकून दिले होते.

चकतीच्या मध्यभागी आणखी एक इवलीशी झडप असते. इंजिन निवताना आतील पाणी आकसते, तेव्हा ती उघडून बाहेरची हवा किंवा पाणी आत घेते. ती अडकली, तर थंड गाडीची वरची नळी चपटी झालेली दिसते.

हे सारे निरीक्षण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे. तापलेले टोपण फिरवताच दाब एकदम सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर येते. घाटात आम्ही फडके घेऊन पुढे सरसावलो होतो. एका वृद्ध ट्रकचालकाने हात धरून मागे ओढले. अर्धा तास त्यांनी आम्हांस सावलीत बसवून ठेवले, आणि मग स्वतःच काडीने खोली मोजून दाखविली. ती भरली बरोबर एक इंच.