पात्रता फेरीचे गणित : बिश्केकचा दाखला

जिच्या विजेत्यास करंडक मिळत नाही, जिचे सामने दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसतात आणि जिचा निकाल वृत्तपत्राच्या क्रीडापानावर चार ओळींत आटोपतो, अशा पात्रता स्पर्धेची घडण समजून घेतल्याखेरीज, गेल्या लेखांकात आपण ज्या अंतिम स्पर्धांचा विचार केला त्यांत कोण का दिसतो आणि कोण का दिसत नाही, याचा उलगडा व्हावयाचा नाही. म्हणून या आठवड्यासाठी मी मुद्दाम एक लहानसा गट निवडला आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे यजमान किर्गिझस्तान, उझबेकिस्तान आणि भारत या तीन देशांच्या सतरा वर्षांखालील मुलींचे फुटबॉल संघ एकत्र आले. सामने तीन, दिवस पाच आणि जागा एकच, असा तो मामला होता.

ही जागा होती २०२६ साली चीनमध्ये योजलेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेची. त्या स्पर्धेत एकंदर बारा संघांना मुभा. त्यांपैकी चीनला यजमान म्हणून, आणि उत्तर कोरिया, जपान व दक्षिण कोरिया यांना २०२४ च्या बाली येथील स्पर्धेतील पहिल्या तीन क्रमांकांच्या आधारे, पात्रता फेरीची तोशीस न पडता प्रवेश बहाल झालेला होता. उरलेल्या आठ जागांसाठी आठ गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे जावा असा निर्बंध होता. दुसऱ्या क्रमांकाच्या पदरी काहीच पडावयाचे नव्हते.

तीन संघांच्या गटाचा स्वभाव चार संघांच्या गटाहून अगदी निराळा असतो, ही गोष्ट पुष्कळशा क्रीडारसिकांच्याही ध्यानात येत नाही. संघ तीन असल्यामुळे प्रत्येक सामन्याच्या दिवशी एक संघ रिकामा बसणार हे ठरलेलेच. बिश्केकात भारत १३ आणि १७ ऑक्टोबरला, म्हणजे पहिल्या व शेवटच्या दिवशी खेळला. उझबेकिस्तानच्या वाट्यास मधला आणि शेवटचा दिवस आला. आणि यजमान किर्गिझस्तान पहिले दोन सामने आटोपून प्रेक्षकांच्या रांगेत जाऊन बसला. वरकरणी हे निव्वळ वेळापत्रक वाटते. परंतु शेवटच्या सामन्यास उतरणाऱ्या दोन्ही संघांना, आपणांस नेमके किती हवे आहे हे आधीच ठाऊक असते, आणि तिसऱ्याचे भवितव्य मात्र त्याच्या हाती उरलेले नसते. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधील हिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया हे दोन संघ एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपले होते. जर्मनीने आरंभीच एक गोल केला, एवढ्या निकालाने दोघांचेही भागते हे दोघांनीही ओळखले, आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे सरकवण्यात घालवून अल्जीरियाला घरी धाडले. त्या प्रकारानंतर गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करण्याचा शिरस्ता पडला. चार संघ असतील तर तो पाळता येतो. तिघांच्या गटात तो पाळणे शक्यच नाही, कारण शेवटच्या दिवशी सामनाच मुळी एक असतो. आशियाई पात्रता फेरीत तिघांचे गट असतात ते संघांच्या संख्येमुळे आणि खर्चाच्या विचाराने. त्यात कोणाचा कसूर नाही, पण न्यायाची बाजू त्यामुळे थोडी लंगडी पडते, हे कबूल केले पाहिजे.

दुसरी गोष्ट गोलफरकाची. दोन संघांचे गुण समान झाले, तर आधी त्यांच्या परस्पर लढतीतील गुण, मग त्याच लढतीतील गोलफरक आणि गोल, त्यानंतर साऱ्या गटातील गोलफरक आणि गोल, अशा क्रमाने निवाडा होतो. तरीही कोडे सुटले नाही आणि ते दोन संघ शेवटच्या सामन्यात एकमेकांविरुद्धच मैदानात असले, तर तेथेच पेनल्टींवर निकाल लावतात. त्यापलीकडे पिवळ्या-लाल कार्डांचा हिशेब असतो, ज्यात पिवळ्या कार्डास एक दंडगुण, थेट लाल कार्डास तीन आणि पिवळ्यानंतर थेट लाल मिळाल्यास चार धरतात; आणि अगदी शेवटी चिठ्ठ्या. आता असे समजू की दोन प्रबळ संघांची आपसांत बरोबरी झाली आणि दोघांनीही तिसऱ्या दुर्बल संघास हरवले. मग परस्पर लढतीने काहीच ठरत नाही आणि सारा निर्णय त्या दुर्बल संघाविरुद्ध कोणी किती गोल केले यावर येऊन ठेपतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींच्या सामन्यात दहा-शून्य असा निकाल वाचला की पुष्कळांना तो निष्ठुरपणा वाटतो, आणि विजयी संघाने सहाव्या गोलनंतर हात आवरावयास हवा होता, असे सात्त्विक उद्गार निघतात. माझ्या मते हा दोष त्या मुलींच्या माथी मारणे अन्याय आहे. दहावा गोल करावयास त्यांना नियमच भाग पाडतो.

वयाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. २०२६ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००९ रोजी वा त्यानंतर जन्मलेली खेळाडूच पात्र. २००८ च्या ३१ डिसेंबरला जन्मलेली मुलगी एका रात्रीच्या फरकाने बाहेर. मुलांच्या स्पर्धांत जागतिक महासंघाने २००९ पासून मनगटाच्या चुंबकीय प्रतिमेची चाचणी आणली, कारण मनगटाच्या हाडाची वाढरेषा पूर्ण बुजलेली दिसली तर तो मुलगा बहुधा सतराच्या पुढे गेलेला असतो. मुलींच्या हाडांची वाढ मात्र लवकर पुरी होत असल्याने त्यांच्या बाबतीत ही कसोटी भरवशाची ठरत नाही, आणि सारी भिस्त जन्मदाखला व पारपत्र यांवर राहते. ज्या मुलीचा जन्म वेळच्या वेळी दप्तरी नोंदला गेला नाही, तिच्यापुढे मैदानाच्या आधी कचेरीची पायरी उभी राहते.

याच वयाच्या अटीत आणखी एक विषमता दडलेली होती, तिचा फारसा बोभाटा झाला नाही. मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक २००८ पासून २०२४ पर्यंत दर दोन वर्षांनी, सम वर्षी, भरत असे. त्यामुळे विषम सालात जन्मलेल्या मुली ऐन सतराव्या वर्षी खेळत, तर सम सालात जन्मलेल्यांना सोळाव्या वर्षीच, थोरल्यांच्या बरोबरीने, आपली जागा मिळवावी लागे. दोन वर्षांनी त्या वयाबाहेर गेलेल्या असत. शिवाय २०२० साली भारतात व्हावयाची स्पर्धा महामारीमुळे रद्दबातल झाली, तेव्हा २००३ आणि २००४ या सालांतील बहुतेक मुलींचा तो हक्क कायमचा बुडाला. २०२५ पासून विश्वचषक दरसाल भरू लागला आणि निदान ही सम-विषमाची अडचण तरी दूर झाली.

रद्द झालेल्या स्पर्धेच्या बदल्यात भारतास २०२२ चे यजमानपद मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टात जागतिक महासंघाने भारतीय महासंघास निलंबित केल्यामुळे तेही जाते की काय अशी वेळ आली होती. परंतु अकरा-बारा दिवसांत निलंबन उठले आणि भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे सामने झाले. अंतिम सामना नवी मुंबईतच झाला आणि स्पेनने कोलंबियास १-० असे हरवले. भारताचा संघ यजमान म्हणून थेट आत गेला होता. भुवनेश्वरात त्याने अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन आणि ब्राझीलकडून पाच गोल स्वीकारले, आणि स्वतः एकही केला नाही. पात्रता फेरीत ज्या संघाची पारख व्हावयाची ती तेथे साऱ्या जगासमोर झाली, आणि ती त्या मुलींना फार महागात पडली. त्याच वर्षीच्या जानेवारीत महिलांच्या आशियाई स्पर्धेतूनही यजमान भारतास, संघात करोनाची लागण झाल्यामुळे, नवी मुंबईतून माघार घ्यावी लागली होती. यजमानपदाच्या सनदेवर अवलंबून राहण्याचा तो काळ होता.

२०२५ साल त्या दृष्टीने वेगळे निघाले. जुलैत थोरल्या महिला संघाने चियांग माय येथे थायलंडला २-१ असे हरवून, ऑगस्टात वीस वर्षांखालील संघाने यांगूनमध्ये म्यानमारला १-० असे हरवून, आणि ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील संघाने बिश्केकात, अशा तिन्ही वयोगटांत भारताने आशियाई स्पर्धेतील जागा खेळून मिळवली. सतरा वर्षांखालील संघ यापूर्वी २००५ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत उतरला होता खरा, पण तेव्हा पात्रता फेरीच नव्हती. २०२३ च्या एप्रिलात याच बिश्केकात तो पहिल्या फेरीतून पुढे सरकला आणि सप्टेंबरात थायलंडमधील दुसऱ्या फेरीत बाद झाला.

या वेळी किर्गिझस्तानवर २-१ असा विजय मिळवून भारत उझबेकिस्तानसमोर आला, आणि पूर्वार्धातच एका गोलने मागे पडला. स्वीडिश प्रशिक्षक योआकिम अलेक्झांडरसन यांनी मध्यंतराची वाट न पाहता एक खेळाडू बदलली. त्या बदली खेळाडूने उत्तरार्धात बरोबरी साधली आणि थोड्याच वेळात विजयी गोलसाठी चेंडूही तिनेच पुरवला. दोन सामन्यांच्या स्पर्धेत चूक निस्तरण्यास तिसरा दिवस मिळत नाही, म्हणून चाळिसाव्या मिनिटाचा असा निर्णय तेथे धाडसाचा न ठरता केवळ निकडीचा ठरतो.

पुढची वाट चीनमधून मोरोक्कोतील विश्वचषकाकडे जाते, आणि तेथवर आशियातील पहिले चारच संघ पोहोचतात. या शिडीची चढण किती उभी आहे हे सांगावयाचे तर, २००८ ते २०२५ या काळातील नऊ विश्वचषकांपैकी सहा आशियाई संघांनी जिंकले, त्यांतील चार एकट्या उत्तर कोरियाने. आशियाई अजिंक्यपदही २००५ पासून २०२४ पर्यंत नऊ वेळा ठरले आणि नऊही वेळा ते उत्तर कोरिया, जपान आणि दक्षिण कोरिया या तिघांतच फिरत राहिले. चारपैकी तीन जागांवर असा जवळजवळ इनामी हक्क बसलेला असताना चौथ्या जागेसाठी चीन आणि ऑस्ट्रेलिया यांच्या दावेदारीपुढे इतरांचा पाड कसा लागावा, आणि त्या दोन देशांनी मुलींच्या फुटबॉलची घडी कशी बसवली, हा विषय पुढील लेखांकाचा.