बार्टमान जग
जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात, विशेषतः कोलोन व फ्रेखेन येथे, सोळाव्या-सतराव्या शतकांत तयार झालेले व गळ्यावर दाढीधारी मुखवटा उठविलेले दगडी मातीचे जग. ‘बार्टमान’ म्हणजे दाढीवाला. तापलेल्या भट्टीत मीठ टाकीत. त्याच्या वाफेची मातीतील सिलिकेशी विक्रिया होऊन काचेसारखी झिलई चढे. ही पात्रे पाझरत नसल्याने मद्यासाठी सोयीची ठरली आणि दूरवर निर्यात झाली. १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलेल्या ‘बाताव्हिया’ या डच जहाजाच्या अवशेषांतही ती सापडली. इंग्लंडमधील ‘बेलार्माइन’ हे त्यांचे नाव कार्डिनल रॉबर्ट बेलार्माइन (१५४२–१६२१) यांच्या उपहासातून आल्याचे सांगतात. मुखवटा मात्र त्यांच्या कीर्तीहून जुना आहे. तेथे चेटूक उलटविण्यासाठी या जगांत टाचण्या, खिळे व मूत्र भरून ते घरात पुरीत. जॉन ड्वाइट याने १६७२ मध्ये एकस्व मिळवून फुलम येथे असे उत्पादन सुरू केले व पुढे जर्मन मालाची मागणी ओसरली.