आवाजाचा पत्ता

महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप सपाट डांबरी रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरने चालली आहे आणि खालून कसलासा आवाज येतो आहे. तो कुठून येतो हे शोधण्याआधी थोडं गणित करू. मोठं नाही, पाढ्यांपुरतंच.

ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. सोळा इंची रिमवरच्या अरुंद टायरचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे प्रत्येक चाक सेकंदाला ५ वेळा फिरतं. चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट त्याच्या ५.३८ पट वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला २७ वेळा. शाफ्टच्या टोकांना जे क्रॉस असतात, ते प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमीजास्त करतात, म्हणजे सेकंदाला ५४ वेळा. आणि मागच्या डिफरन्शियल हौसिंगच्या पोटात पिनियन या छोट्या गिअरचे ८ दात क्राउन या मोठ्या गिअरच्या ४३ दातांना एकेक करून भिडतात, ते सेकंदाला २१७ वेळा.

५, २७, ५४, २१७. एकाच गाडीत, एकाच क्षणी, चार वेगळ्या लयी. पाचाची लय ढबढब म्हणून मोजता येते. सत्तावीसची थरथर सीटमधून पाठीत शिरते. चोपन्नची घरघर पायाखालच्या पत्र्यात घुमते. आणि २१७ हा तर सरळ सूर आहे, पेटीवरच्या पांढरी सहाच्या अगदी जवळचा. अनेक गायिका त्याच पट्टीच्या आसपास आपला सा लावतात. चांगला कान असलेल्या माणसाने पेटी शेजारी ठेवली, तर क्राउन-पिनियनचा आवाज त्याला सुरावरून ओळखता येईल. जुन्या फोर व्हील गाडीतला बिघाड स्वतःचा पत्ता असा सतत सांगत असतो. ऐकणाऱ्याला फक्त कुठला भाग किती वेगाने फिरतो हे माहीत हवं.

या जीपची आपल्याकडची गोष्ट फार जुनी. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली, १९४७ मध्ये तिने विलीज जीपची जुळणी हाती घेतली आणि १९४८ मध्ये ती ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. उंच बॉनेटची सीजे-३बी विलीजने १९५३ मध्ये आणली, आणि पुढे आपल्याकडे अनेक वर्षं जीप म्हटलं की हाच चेहरा डोळ्यांसमोर यायचा. आज ती हौशी लोकांच्या अंगणात आणि गॅरेजच्या मागच्या बाजूला भेटते. मला ती आवडते ती तिच्या उघडेपणासाठी. इंजिन, क्लच, तीन गिअरची गिअरबॉक्स, तिच्या पाठीला चिकटलेला ट्रान्सफर केस, तिथून पुढे आणि मागे जाणारे दोन प्रोपेलर शाफ्ट, दोन डिफरन्शियल आणि चार चाकं. सगळं वाकून पाहिलं की दिसतं, आणि लिव्हरने एकेक तुकडा साखळीतून वेगळा काढता येतो. दुरुस्तीसाठी दिलेल्या लिव्हर नाहीत त्या, पण शोध घ्यायला त्यांच्याइतकं चांगलं हत्यार दुसरं नाही.

सुरुवात गाडी उभी असतानाच करावी. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला. आता क्लचच्या पलीकडचं सगळं थांबलेलं आहे आणि दाब पडला आहे तो रिलीज बेअरिंगवर. किरकिर याच वेळी येत असेल आणि पाय काढताच थांबत असेल, तर चोर सापडला. आता गिअर न्यूट्रल ठेवून क्लच सोडायचा. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि खालचा काउंटर गिअर फिरू लागतात. इथे आवाज सुरू झाला आणि क्लच दाबल्यावर गेला, तर तो त्यांच्या बेअरिंगांचा.

पुढची पायरी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकायचा, गिअरबॉक्स मात्र टॉपमध्ये, आणि क्लच सोडायचा. गाडी जागची हलत नाही, चाकं थंड आहेत, एक्सल थंड आहेत, पण गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट पूर्ण वेगाने फिरतो आहे आणि त्याच्यासोबत ट्रान्सफर केसमधला मधला गिअरही. हा मधला गिअर म्हणजे या जीपचा जुना दुखरा सांधा. स्पायसर १८ या ट्रान्सफर केसमध्ये मागचा शाफ्ट गाडीच्या मध्यातून निघत नाही, उजव्या अंगाने निघतो. त्यामुळे साध्या टू व्हीलमध्ये, टॉप गिअरमध्येसुद्धा, ताकद थेट मागे जाऊ शकत नाही. ती मधल्या गिअरवरूनच जाते. तो गिअर सुईसारख्या बारीक रोलरांवर, केसमधून आरपार गेलेल्या एका पिनेवर फिरतो. गाडीने कापलेल्या प्रत्येक मीटरचं ओझं त्या एका पिनेने वाहिलेलं असतं. ती झिजली की गिअर किंचित तिरका फिरतो, दात नीट भिडत नाहीत, आणि कुठल्याही गिअरमध्ये न जाणारं रडगाणं सुरू होतं. फ्लोअरवरचं झाकण काढून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसला टेकवलं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावली, तर लोखंडातून येणारा तो आवाज हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा कितीतरी स्वच्छ ऐकू येतो. मिस्त्री लोक हे पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत.

इथवर शांतता असेल तर रस्त्यावर निघावं. पण रस्त्यावर एक पेच उभा राहतो. ताशी ४० ला टॉप गिअरमध्ये प्रोपेलर सेकंदाला २७ वेळा फिरतो, आणि टॉप गिअर थेट असल्यामुळे इंजिनही २७ वेळाच फिरतं. थरथर इंजिनची की शाफ्टची? वेग तोच ठेवून दुसरा गिअर टाकायचा. आता इंजिन सेकंदाला ४२ फेऱ्यांवर चढलं, शाफ्ट मात्र २७ वरच आहे. थरथर बदलली तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला, इंजिन-क्लचकडे. तशीच राहिली तर गिअरबॉक्सच्या मागे. एका गिअरच्या बदलाने निम्मी गाडी संशयातून सुटते. नंतर त्याच वेगात मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे झोल द्यायचा. भार बाहेरच्या चाकावर जातो, आणि गुरगुर त्याबरोबर वाढत असेल तर ते चाकाचं बेअरिंग. डांबर बदललं की बदलणारा आवाज टायरचा. त्यावर वेळ घालवू नये.

चोपन्नच्या लयीमागे मात्र एक मोठी गोष्ट आहे. वाकडा धरलेला क्रॉस जॉइंट आत जाणारी समान गती बाहेर समान देत नाही. १० अंशांच्या कोनात पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे दीड टक्क्याने पुढे धावतो आणि दोनदा तितकाच मागे रेंगाळतो. २० अंशांत हाच फरक ६ टक्क्यांवर जातो. सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने हा जॉइंट अभ्यासला तेव्हा त्याला ही असमानता दिसली. तिच्यात त्याला खोट दिसली नाही, उपयोग दिसला. सूर्यघड्याळाच्या तबकडीवर सावलीही दिवसभर असमान वेगाने सरकते, आणि दोन्हींचं गणित एकच निघालं. जीपच्या पोटाखाली घरघरणारा क्रॉस आणि तबकडीवर सरकणारी सावली एकाच सूत्राने चालतात! हे वाचलं तेव्हापासून मला प्रोपेलर शाफ्टकडे नुसतं लोखंड म्हणून पाहता आलेलं नाही.

गाडी हादरत कशी नाही मग? शाफ्टच्या दोन टोकांना दोन जॉइंट आहेत म्हणून. दोन्ही कोन सारखे आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले, तर एकाने घातलेली चूक दुसरा पुसून टाकतो. सर्व्हिसच्या वेळी शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले आणि जोडताना एक खाच इकडची तिकडे बसली, की ही पुसापुसी बिघडते. क्रॉस नवा, बेअरिंग नवीन, आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरते. दिसायला उंच हवी म्हणून लांब शॅकल घातलेल्या जीपचंही तेच. तिचा मागचा शाफ्ट मुळातच आखूड, उंची थोडी वाढली तरी कोन फार वाढतो. सुकलेला क्रॉस वेगळा ओळखू येतो. गाडी हळू निघताना चिवचिव करतो, आणि गिअर टाकून क्लच सोडताच एकच ‘टक्’ देतो.

क्राउन-पिनियनचा आवाज ॲक्सिलरेटरवरून उलगडतो. प्रत्येक दाताला दोन बाजू असतात. इंजिन चाकांना ओढतं तेव्हा एक बाजू दबते, आणि उतारावर चाकं इंजिनला ओढतात तेव्हा दुसरी. पाय दिल्यावर सूर आणि काढल्यावर शांतता, किंवा उलट, म्हणजे दातांची एकच बाजू झिजली आहे किंवा जुळणी सरकली आहे. दोन्हीकडे गात असेल तर पिनियनची बेअरिंगं पाहावीत. आणि ४३ आणि ८ हे आकडे ज्याने निवडले त्याच्या बुद्धीला दाद द्यावी. या दोन संख्यांना एकाशिवाय समान विभाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. एक ठरावीक जोडी पुन्हा भेटते ती क्राउनच्या ८ फेऱ्यांनंतरच. म्हणजे पिनियनचा दात फुटला तर सेकंदाला २७ टकटक, क्राउनचा फुटला तर ५, आणि दोन्हींतले एकेक फुटले असतील तर एरवीच्या टकटकीत दर साडेसतरा मीटरला एक मोठा ठोका. रस्त्यावर खडूने खुणा करून हे पडताळता येतं.

आता फोर व्हीलचा प्रश्न. या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल नसतं. फोर व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकत्र बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मात्र मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. दोन मीटरचा व्हीलबेस आणि पाच मीटर त्रिज्येचं वळण धरलं, तर एका पूर्ण चक्करमध्ये पुढच्या चाकांना अडीच मीटर जास्त जायचं असतं. चिखलात, वाळूत टायर थोडे घसरून हा हिशोब मिटवतात. कोरड्या डांबरावर तो मिटत नाही. शाफ्ट पिळलेल्या सुंभासारखे ताणात राहतात, स्टीअरिंग जड होतं, लिव्हर जाम बसते. हा बिघाड नाही. चार मीटर रिव्हर्स घेतलं की पीळ सुटतो आणि लिव्हर आपोआप मोकळी होते. एवढ्यासाठी चांगला ट्रान्सफर केस उघडू नये.

सरळ रस्त्यावरही पीळ बसत असेल, तर मात्र शोध हवा. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील, तर ७ मिलिमीटर रबराच्या फरकाने किलोमीटरमागे २० मीटरची तफावत पडते. त्याहून दांडगं कारण म्हणजे कुण्या आधीच्या मालकाने बदललेलं हौसिंग. एकीकडे ५.३८ चं क्राउन आणि दुसरीकडे ४.८८ चं असेल, तर दर दहा मीटरला एक मीटरचा झगडा होतो. उघडल्याशिवाय हे कळतं. एक्सलची दोन्ही चाकं स्टँडवर, शाफ्टवर खडूची खूण, आणि दोन्ही चाकं बरोबर एक फेरी. शाफ्ट पाच फेऱ्या आणि वर फेरीचा तीन अष्टमांश फिरला तर ५.३८. पाचाला जरा कमी भरल्या तर ४.८८. एकच चाक उचललं असेल तर ते दोन फेऱ्या फिरवायचं, कारण दुसरं थांबलेलं असताना डिफरन्शियल अर्धीच गती शाफ्टला देतं.

पुढच्या एक्सलवर संशय असेल आणि हबला चाक एक्सलपासून सोडवणारं फ्री व्हील नसेल, तर पुढचा शाफ्ट काढून गाडी चालवून पाहावी. मागचा काढताना मात्र जपावं. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असतो. शाफ्ट काढला की तो फक्त एका मोकळ्या ड्रमला धरून बसतो आणि उतारावरची गाडी चालू लागते. चाकाला दगड आधी, पाना नंतर.

शेवटी तेल. ड्रेन प्लग उघडला की ९० नंबरच्या तेलातून गेल्या वर्षांची हकिगत बाहेर येते. करडी, बारीक, बोटावर रेशमासारखी लागणारी भुकटी ही नेहमीची झीज. नखाने उचलता येतील असे चकाकते कपचे म्हणजे बेअरिंग किंवा दात. गिअरबॉक्समधली पिवळी चमक म्हणजे पितळी सिंक्रो रिंगा. दुधाळ तेल म्हणजे पाणी, आणि ते पाणी कसं शिरतं ते पाहण्यासारखं आहे. पावसाळ्यात घाट चढून आलेल्या जीपचं हौसिंग ८० अंशांवर असेल आणि ती ओढ्याच्या २५ अंशांच्या पाण्यात उतरली, तर आतली हवा जवळजवळ १५ टक्क्यांनी आक्रसते. हौसिंगवरचा ब्रीदर उघडा आणि पाण्याच्या वर असेल तर त्यातून हवा आत येते. तो मातीने बुजला असेल तर हौसिंग ऑइल सीलमधून ओढा आत ओढून घेतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात बेअरिंग गुरगुरू लागेपर्यंत वरून काहीच कळत नाही. म्हणून नदी-ओढ्यातून जाऊन आलेल्या जीपचा आधी ब्रीदर तारेने मोकळा करावा, मग तेल बदलावं, आणि त्यानंतर कान लावावा.