डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी व मेमरी कार्ड

डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी व मेमरी कार्ड हे कॅमेऱ्यातून काढता येणारे दोन भाग आहेत. बॅटरी कॅमेऱ्याला वीज पुरवते, तर कार्डावर छायाचित्रे साठवली जातात. बॅटरी संपल्यास पुढील छायाचित्रण थांबते. कार्ड बिघडल्यास आधी टिपलेली छायाचित्रेही गमावण्याची शक्यता असते.

बॅटरी

बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी वापरतात. सोनी कंपनीने १९९१ मध्ये हा प्रकार प्रथम बाजारात आणला. ही बॅटरी चार्ज करण्यापूर्वी पूर्ण उतरवावी लागत नाही. उलट वारंवार पूर्ण उतरल्याने तिचे आयुष्य घटते. उष्णतेमुळेही तिची झीज वाढते, म्हणून ती उन्हात उभ्या असलेल्या वाहनात ठेवू नये. दीर्घकाळ वापर नसल्यास ती सुमारे अर्धी चार्ज करून कोरड्या, थंड जागी ठेवतात. सुटी बॅटरी नाणी किंवा किल्ल्यांसोबत ठेवल्यास शॉर्ट सर्किट होऊ शकते. फुगलेली बॅटरी वापरणे धोक्याचे असते.

मेमरी कार्ड

प्रचलित एसडी कार्ड सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा या कंपन्यांनी १९९९ मध्ये विकसित केले. त्यातील फ्लॅश मेमरी वीज नसतानाही माहिती टिकवते. माहिती लिहिली जात असताना कॅमेऱ्यावरील दिवा लुकलुकतो. त्या वेळी कार्ड काढल्यास किंवा बॅटरी संपल्यास फाइल अपूर्ण राहते. कधी कार्डावरील फाइलींची सूचीही बिघडते. छायाचित्रांच्या दोन प्रती अन्यत्र उतरवल्यानंतर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करणे योग्य ठरते. छायाचित्रे चुकून पुसली गेल्यास कार्डाचा वापर तत्काळ थांबवावा. पुसताना बहुधा केवळ सूचीतील नोंद जाते. मूळ माहितीवर नवीन माहिती लिहिली गेली नसेल, तर ती परत मिळू शकते.

पालखी सोहळ्यातील वापर

चार्जिंगची सोय सहज नसलेल्या ठिकाणी ही काळजी विशेष महत्त्वाची ठरते. इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे गाव संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या बारामती–इंदापूर टप्प्यावर आहे. याच टप्प्यावर बेलवाडी येथे अश्वांचे गोल रिंगण होते. रिंगणातील अश्वांची धाव अल्पकाळ चालते आणि आषाढवारीचे हे दिवस पावसाचे असतात. त्यामुळे रिंगण सुरू होण्यापूर्वीच, कोरड्या हातांनी व आडोशाला, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि पुरेशी जागा असलेले कार्ड बसवून घेणे सोयीचे ठरते. वारीतील सर्व छायाचित्रे एकाच कार्डावर न ठेवता वेगवेगळ्या दिवसांसाठी वेगवेगळी कार्डे वापरल्यास, एखादे कार्ड बिघडले तरी उरलेल्या दिवसांची छायाचित्रे सुरक्षित राहतात.