दोन सिनेमे, मध्ये तेरा वर्षं

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला निघालात, की आरे-वारेच्या चढावर गाडी थांबतेच. खाली एकाशेजारी एक असे दोन किनारे, सुरूची झाडं, समोर नुसता निळा समुद्र. कॅमेरे बाहेर येतात, चार-सहा पोझेस होतात, आणि कुणीतरी म्हणतंच, 'काय सही लोकेशन आहे यार!' पण एक गंमत बघा. फोटो सगळे समुद्राचे. डोंगरातून खाडीकडे येणाऱ्या पाण्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

सिनेमावाल्यांचंही बहुतेक वेळा असंच होतं. कोकण म्हणजे बीच, माड आणि एक रोमँटिक गाणं. संदीप सावंत या लेखक-दिग्दर्शकाने मात्र कोकण बघितलं ते तिथल्या माणसांकडून. आणि त्यासाठी घाई अजिबात केली नाही.

त्यांचा पहिलाच सिनेमा 'श्वास', २००४चा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून पटकथा सावंतांनीच लिहिली. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे येतात. निदान होतं डोळ्यांच्या कॅन्सरचं. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे त्या एवढ्याशा पोराला सांगायचं कसं? आणि ऑपरेशनआधी त्याला काय काय दाखवायचं? बस्स, एवढीच गोष्ट. अरुण नलावडेंचे आजोबा आणि अश्विन चितळेचा परशुराम ज्यांनी बघितले, ते आजही विसरलेले नाहीत.

पुढे जे झालं तो इतिहास आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ! आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'नंतर मराठीला हा मान मिळायला पन्नास वर्षं लागली. 'श्वास' भारतातर्फे ऑस्करलाही गेला. तिथल्या प्रचाराच्या खर्चासाठी शाळकरी मुलांपासून राज्य सरकारपर्यंत सगळ्यांनी हातभार लावला. नामांकन हुकलं, पण मराठी सिनेमाची मान ताठ झाली. 'डोंबिवली फास्ट', 'वळू', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' अशी रांगच पुढच्या पाच वर्षांत लागली.

आता विचार करा, पहिल्याच कामाला एवढं यश मिळालं असतं, तर आपण काय केलं असतं? लोखंड गरम आहे तोवर दर वर्षी एक प्रोजेक्ट! सावंतांचा पुढचा सिनेमा 'नदी वाहते' पडद्यावर आला तो थेट २०१७मध्ये. तब्बल तेरा वर्षांनी. आपल्या सीव्हीत सहा महिन्यांची गॅप दिसली, तरी इंटरव्ह्यूत घाम फुटतो!

आणि एवढ्या वर्षांनी विषय कोणता, तर तळकोकणातली एक छोटीशी नदी. स्टार नाहीत, आयटम साँग नाही. नदीच्या आधारावर जगणारं गाव आणि ती वाहती राहावी म्हणून चाललेली धडपड. नदी टिकवायची तर गावातच काहीतरी उभं करायला हवं, नुसत्या घोषणांनी भागणार नाही, हे सिनेमा न ओरडता सांगतो. वीकएंडला जाऊन 'सी-व्ह्यू' प्लॉटची चौकशी करणाऱ्या आपल्यासारख्यांना तो जरा टोचतोही. टोचायलाच हवा.

दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितले, की एक धागा हाती लागतो. 'श्वास'मधल्या पोराची दृष्टी जाणार म्हणून आजोबा त्याला जग दाखवतात. 'नदी वाहते' आपल्याला म्हणतो, तुम्हाला तर चांगलं दिसतंय, मग बघत का नाही? एकच प्रश्न, दोन बाजूंनी विचारलेला.

करिअर म्हणजे किती कामं केली याची यादी, असं आपण धरून चालतो. सावंतांच्या या दोन सिनेमांचा हिशेब त्यात बसत नाही. येत्या शनिवारी आधी 'श्वास' बघा, रविवारी 'नदी वाहते'. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, 'गेल्या वर्षात काय काय केलंस?', तर उत्तर द्यायला थोडा वेळ घ्याल. घ्या की!